फोनची रिंग आणि पायाचे तळवे: कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका दिवाणजींचं प्रकरण

ताण कमी करण्यासाठी मी माइंडफुलनेस शिकवते, म्हणजे या क्षणाला अंगात आणि मनात काय चाललंय ते नुसतं पाहण्याचा सराव. कोपरखैरण्यातल्या एका फॅमिली डॉक्टरांनी जानेवारी 2024 मध्ये हे गृहस्थ माझ्याकडे पाठवले. सोबतची चिठ्ठी छोटीच होती. वय 47, रक्तदाबाची गोळी चालू असूनही वरचा आकडा दीडशेच्या खाली येत नाही, रात्री झोप तुटते, मधूनच छातीत धडधडतं. ईसीजी, साखर, थायरॉइड सगळं तपासून झालं, त्यात काही नाही. अशी चिठ्ठी आली की मला बरं वाटतं, कारण आधी शरीर तपासलेलं असतं. धडधड म्हणजे टेन्शनच, असं घरच्या घरी ठरवून थेट ध्यानाच्या वर्गाला जाऊन बसणारी माणसं असतात. त्यातल्या एखाद्याचं दुखणं थायरॉइडचं किंवा हृदयाच्या ठोक्यांचं निघतं आणि मधले महिने फुकट जातात.

गृहस्थ वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका अडत्याच्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाच्या, गाळ्यावर दिवाणजी, म्हणजे हिशेब लिहिणारे कारकून आहेत. इथे त्यांना दिवाणजीच म्हणते. त्यांच्या संमतीनेच लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडील माथाडी कामगार, साताऱ्याकडून आलेले. 1969 च्या माथाडी कायद्यामुळे ज्यांची बोर्डात नोंद झाली, हक्काची मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी मिळू लागला, त्या पिढीतले. मुलगा बी.कॉम. झाला आणि पाठीवर गोणी घेण्याऐवजी गाळ्यात बसून पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशेब, लिहू लागला, याचा घरात मोठा अभिमान. गावी थोडी जमीन आहे, ती धाकटा भाऊ करतो. इथे घरात पत्नी, बारावीची मुलगी आणि आता थकलेली आई.

काम काय, तर शेतकऱ्याचा माल गाळ्यावर आला की त्याची वक्कल, म्हणजे विक्रीसाठी वेगळी रास, लावायची, मापाडी वजन करतो ते टिपायचं, सौदा झाला की पट्टी करायची. वजन गुणिले भाव, त्यातून हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं वजा. मग शेतकऱ्याला फोन करायचा. खरं ओझं त्या फोनचं होतं.

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं आणि 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. नेमका तो लाल कांद्याची आवक भरात येण्याचा काळ. कांदाचाळीत टिकणारा उन्हाळी कांदा असता तर शेतकऱ्याने थोडं थांबून पाहिलं असतं. लाल कांदा थांबत नाही, तो काढला की विकावाच लागतो. भाव कोसळले. नाशिक, जुन्नर, नगरकडून येणारे फोन दिवाणजींच्या मोबाइलवर येत, कारण पट्टीवर त्यांचाच नंबर छापलेला. "शिव्या देणाऱ्याचं काही नाही मॅडम, तो फोन ठेवतो," असं ते पहिल्या भेटीत म्हणाले. "जो काहीच बोलत नाही, नुसता 'बरं शेठ' म्हणतो, तो रात्री डोळ्यांपुढे येतो."

रिंग वाजली की पोटात गोळा यायचा. पुढे पुढे फोन वाजला नसतानाही खिशात थरथरल्यासारखं वाटू लागलं. हात आधी खिशाकडे, मग तंबाखूच्या डबीकडे. डबी पूर्वी दोन दिवस पुरायची, आता एका दिवसात संपत होती. रात्री दोन-अडीचला डोळे उघडायचे आणि डोक्यात आकडे सुरू. पहाटे उठून सहाच्या आत गाळ्यावर. घरी मुलीने मोबाइल चार्जिंगला लावायला हातात घेतला तरी अंगावर ओरडायचे, आणि मग तिच्याशी नजर टाळत जेवायचे. पत्नी बरोबर आल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "हे घरात असतात, पण घरात नसतात."

ताण मोजायला मी कोहेन यांची मोजपट्टी वापरते. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी ती 1983 मध्ये मांडली. तिच्या दहा प्रश्नांच्या रूपात गेल्या महिन्याभरात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या किती वेळा वाटल्या, अशा स्वरूपाचे प्रश्न असतात आणि गुण 0 ते 40 मध्ये येतात. दिवाणजींचे 31 आले, म्हणजे बरेच वर. नैराश्याची लक्षणं तपासली. मरणाचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारलं. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात नको ते भरतं हा गैरसमज आहे. उलट विचारल्याने तो मोकळा होतो. ते म्हणाले, मरावंसं वाटत नाही, फोन कायमचा बंद पडावा असं वाटतं. तरीही टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कागदावर लिहून पत्नीकडे दिला. ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. रात्री अडीचला माझा फोन लागेलच असं नाही, तो लागतो.

माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम ठरला. त्याचा मूळ साचा जॉन कबाट-झिन यांचा. त्यांनी 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तो सुरू केला, आणि सुरुवातीला त्यांच्याकडे आले ते जुनाट दुखण्यांचे रुग्ण, ज्यांच्यासाठी वैद्यकाकडे आणखी देण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, घरी रोज जवळजवळ पाऊण तास सराव, मधे एक पूर्ण दिवस मौनाचा. सराव कसले, तर पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत अंगातल्या संवेदना क्रमाने पाहणं, बसून श्वास पाहणं, सावकाश चालणं, हलकी योगासनं. बौद्ध परंपरेतला हा सराव कबाट-झिन यांनी कोणत्याही धर्माचा माणूस रुग्णालयात बसून करू शकेल अशा रूपात आणला.

पहाटे सहाला गाळ्यावर जाणाऱ्या आणि बारावीच्या मुलीसोबत दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला रोजचा पाऊण तास कुठून मिळणार? आम्ही दोन तुकडे केले. दुपारी घरी आल्यावर पडून वीस मिनिटं आणि बाजारात चालता-बोलता जमेल तेवढं. मूळ कार्यक्रमापेक्षा हे कमी आहे, हे त्यांना आधीच सांगितलं. पण सोमवारी ठरवून बुधवारी सोडून दिलेल्या पाऊण तासापेक्षा रोजची वीस मिनिटं बरी, असं माझं ठाम मत आहे.

कबाट-झिन यांच्या पहिल्या वर्गात मनुका हातात देतात. ती पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी पाहायची, बोटांत फिरवायची, वास घ्यायचा, मग सावकाश चावायची. मी दिवाणजींना येताना एक कांदा आणायला सांगितलं होतं. टेबलावर ठेवायच्या आधीच त्यांचं सुरू झालं: लाल, नाशिककडचा, मान बारीक, पत्ती चांगली, माल सुकवून आणलाय, यावर इतका भाव बसेल. तीन-चार सेकंदांत पूर्ण प्रतवारी. मी म्हटलं, आता भाव न लावता बघा. ते गप्प झाले. अंगठ्याने वरचा पापुद्रा सरकवला. तो सुटून टेबलावर पडला, तेव्हा खालच्या सालीवर जांभळ्या रेषा होत्या, मानेकडे फिकट होत गेलेल्या, आणि बुडाशी मुळांच्या वाळक्या जटेत मातीचा बारीक खडा अडकलेला. त्यांनी तो खडा नखाने काढला आणि बराच वेळ बोटावर धरून ठेवला. "ही माती कुणाच्या तरी रानातली आहे," म्हणाले. मग लगेच, "इतकी वर्षं कांदाच बघतोय, पण भाव न लावता आजच हातात धरला."

हा सराव करून घेण्यामागे कारण होतं. दिवाणजींचं मन दिवसभर प्रतवारी करत होतं: हा फोन वाईट, ही पट्टी धोक्याची, हा शेतकरी आता भांडणार. त्यांच्या धंद्याला ते कसब लागतं आणि ते उत्तम आहे. पण पाहणं आणि भाव लावणं यांच्यात फट असते, हे एकदा हाताला कळलं की फोनच्या बाबतीतही ती शोधता येते. तोंडी समजावून हे पोचत नाही.

श्वासाचं मात्र जमेना. डोळे मिटून श्वास पाहायला बसले की दोन मिनिटांत छाती भरून यायची, बोटांना मुंग्या यायच्या, डोकं हलकं व्हायचं. हे अनेकांचं होतं आणि याबद्दल फारसं बोललं जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ज्याला धडधडीची भीती बसली आहे त्याचं लक्ष छातीकडे नेलं की तो श्वास पाहत नाही, त्याच्यावर पहारा करतो. पहारा सुरू झाला की श्वास मुद्दाम घेतला जातो, खोल आणि भराभर. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मुंग्या, चक्कर, घुसमट सुरू होते. माणसाला वाटतं अटॅक आला. 'अजून प्रयत्न करा, मन लागेल' असं अशा वेळी सांगणं घातक आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ध्यानावरचे 83 अभ्यास एकत्र पाहिले गेले, त्यात सुमारे 8 टक्के लोकांमध्ये चिंता वाढणं, उदास होणं असे त्रास आढळले होते. ध्यानाने कुणालाच काही होत नाही, हे खरं नाही.

म्हणून श्वास बाजूला ठेवला. डोळे उघडे, नजर जमिनीवर, लक्ष पायाच्या तळव्यांवर. चपलेचा स्पर्श, टाचेवरचा भार, अंगठ्याखालची ऊब. छातीपासून लांब असलेली जागा, जिच्याबद्दल भीती नाही. तळवा कंटाळवाणा झाला की आवाज: आवाज कुठून आला, किती वेळ राहिला, कधी संपला, एवढंच. दिवाणजींना हे पटकन जमलं. बाजारात दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाचे पाय बोलतात, त्यांनी फक्त ऐकायला सुरुवात केली.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी एक शंका काढली. गळ्यात तुळशीची माळ, घरात हरिपाठ, वडील वारीला जाणारे. "आमच्यात नामस्मरण आहे की. मग हे वेगळं कशाला?" प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हटलं, नाम सोडू नका. नामात भाव आहे, ज्याला हाक मारायची तो आहे. इथे कुणाला हाक नाही, अंगात आणि मनात या क्षणाला काय चाललंय ते नुसतं पाहायचं आहे. दोन्हींची भांडणं नाहीत. सकाळी हरिपाठ, दुपारी हे, असं त्यांनी स्वतःच लावून घेतलं. याच सुमाराला बाजारातल्या एका परिचिताने त्यांना इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाण्याचा आग्रह केला. सत्यनारायण गोएंका यांनी 1976 मध्ये उभ्या केलेल्या धम्मगिरीबद्दल मला आदर आहे, तिथून समाधानाने परतलेले अनेक जण मला भेटतात. पण ते दहा दिवसांचं मौन आहे, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं आहे, आणि सुरुवातीचे दिवस श्वासावरच काम असतं. झोप तुटलेली आणि श्वासाला घाबरणारी व्यक्ती या घडीला तिथे जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी ते ऐकलं.

मग फोन. इथे कार्यक्रमाच्या बाहेर जाऊन एक गोष्ट ठरवली. रिंग वाजली की पहिल्या रिंगला उचलायचा नाही. पहिली रिंग तळव्यांसाठी. दोन्ही पाय जमिनीवर, भार जाणवू द्यायचा, खांदे कुठे आहेत ते पाहायचं. दुसऱ्या रिंगला पोटातला गोळा जागेवर आहे का ते पाहायचं, असेल तर असू द्यायचा. तिसऱ्याला उचलायचा. गोळा घालवायचा नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगत होते. गोळा घालवायला बसलं की मनाची कुस्ती सुरू होते आणि कुस्तीत ताण वाढतो.

तिसऱ्या आठवड्यात ते जरा उत्साहाने आले. गोळा येतोच, म्हणाले, पण आता तो येताना दिसतो. आधी पोटात, मग गळ्याशी, मग हात डबीकडे. हात डबीकडे निघालेला त्यांनी एका सकाळी मधेच पाहिला आणि थांबवला. दुसऱ्या वेळी पाहिला, पण थांबवला नाही, तंबाखू मळलीच. मी म्हटलं, दोन्ही वेळा पाहिलंत, काम झालं. तंबाखू सोडवणं हा या उपचाराचा हेतू नव्हता, पण तंबाखूने नाडी आणि रक्तदाब चढतो, त्यामुळे डॉक्टरांना या गोष्टीत माझ्यापेक्षा जास्त रस होता.

चौथा आठवडा नुसता गेला. मुलीची परीक्षा जवळ आलेली, आईला ताप. सराव झाला नाही. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही.

पाचव्या आठवड्यातली भेट सगळ्यात महत्त्वाची ठरली. मी त्यांना आठवडाभराच्या फोनांची नोंद करायला सांगितलं होतं: कुणाचा, काय बोलणं झालं, आणि अंगात काय झालं. दिवाणजींची नोंद म्हणजे नमुनेदार, उभे रकाने आखून, पट्टीसारखी. तिच्यावरून बोट फिरवताना त्यांच्याच लक्षात आलं की शिव्यांच्या फोनांपुढे 'पोट, थोडं' लिहिलंय. 'छाती, जोरात' हे मोजक्या फोनांपुढेच आहे. ते फोन कुठले? शेतकरी विचारतो, "शेठ, शेजारच्या गाळ्यावर माझ्यासारख्याच मालाला जास्त मिळाला, मला कमी का?" आणि त्याचं खरं उत्तर दिवाणजींना माहीत असतं, पण सांगायची मुभा नसते. सौदा मालकांनी केलेला असतो. मालक शेजारीच बसलेले असतात, आणि फोन दिवाणजींच्या कानाला.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटत होतं मी शिव्यांना घाबरतो. मला माझ्याच आवाजाची लाज वाटते. गावी माझा भाऊ असाच कुणाला तरी फोन करतो."

माइंडफुलनेसबद्दल मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे. ताण कमी करायचा म्हणून हा सराव शिकवला जातो, आणि कंपन्यांच्या कार्यशाळांमधून तर असा शिकवला जातो की काम आहे तसंच राहील, तुम्ही शांत व्हा. या माणसाच्या बाबतीत नुसतं शांत होणं हा अर्धाच उपचार झाला असता. नजर स्थिर झाल्यावर त्यांना दिसलं ते हे की त्यांच्या ताणाचा मोठा भाग मनाचा दोष नव्हता. कामाची मांडणीच चुकीची होती: ज्याचा निर्णय नाही त्याने जबाबदारी घ्यायची. हे पाहून झाल्यावर जर मी त्यांना 'यालाही साक्षीभावाने बघा' म्हटलं असतं, तर तो त्यांच्यावर अन्याय झाला असता.

सहाव्या आठवड्याच्या भेटीत आम्ही ध्यान फारसं केलंच नाही. मालकांशी काय आणि कसं बोलायचं, याची तयारी केली. मी मालक झाले, ते तेच राहिले. पहिल्या दोन वेळा त्यांचा आवाज घशातच अडकला. तिसऱ्या वेळी पाय जमिनीवर टेकवून, थांबून, त्यांनी दोन मागण्या मांडल्या. एक, पट्टीचा फोटो दुपारी एका ठरलेल्या वेळेला सगळ्या शेतकऱ्यांना व्हॉट्सॲपवर जाईल आणि भावाबद्दलचे फोन त्यानंतरच्या तासाभरात घेतले जातील, दिवसभर नाही. दोन, भावावरून तक्रार असेल तर फोन मालकांकडे. ही भाषा त्यांची स्वतःची होती. "शेठ, हिशेबाचं उत्तर मी देईन, भावाचं तुम्ही द्या."

मालकांनी पहिली मागणी लगेच मान्य केली, कारण त्यात त्यांचाही फायदा होता: गाळ्यावरची सकाळ फोनाविना सुटसुटीत जाऊ लागली. दुसरी मान्य केली नाही. हसून म्हणाले, बघू. ते 'बघू' अजून चालू आहे.

रात्रीच्या झोपेसाठी वेगळं काही केलं नाही, फक्त अडीचला डोळे उघडले की घड्याळ पाहायचं नाही आणि पडल्या पडल्या पायाच्या बोटांपासून सुरुवात करायची. बहुतेक रात्री ते पोटऱ्यांपर्यंत पोचून झोपतात, असं त्यांनी सांगितलं. हा सराव झोप आणण्यासाठी नाही, जागं राहून पाहण्यासाठी आहे, असं शास्त्र सांगतं. अडीच वाजता मी शास्त्राचा आग्रह धरला नाही. चालण्याचा सराव त्यांनी निसर्ग उद्यानात केला. जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभी राहिलेली ही बाग त्यांच्या घरापासून जवळ आहे. रविवारी पत्नीही बरोबर जाऊ लागल्या, त्या भराभर चालायच्या आणि हे मागे रेंगाळत, टाच-पंजा, टाच-पंजा. यावरून घरात थोडी थट्टा झाली, आणि त्या घरात थट्टा बऱ्याच दिवसांनी झाली होती.

आठ आठवडे संपले तेव्हा मोजपट्टीवर गुण 31 वरून 20 वर आले होते. धडधड आठवड्यातून कधीतरी. डॉक्टरांनी मोजलेला रक्तदाब एकशे चाळीसच्या अलीकडे-पलीकडे, गोळी पूर्वीचीच. मुलीची परीक्षा पार पडली, आणि त्या काळात घरात आरडाओरडा झाला नाही, असं पत्नीने आवर्जून सांगितलं. गुणांपेक्षा मी हे जास्त महत्त्वाचं मानते.

यातलं किती श्रेय माइंडफुलनेसचं? एका माणसावरून ते ठरत नाही, आणि इथे फोनांची वेळही बदलली होती. मोठ्या अभ्यासांमधून जे दिसतं ते संयत आहे. 2014 मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या नियतकालिकात 47 चाचण्यांचा आढावा आला, एकूण सुमारे साडेतीन हजार लोकांचा. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत लहान ते मध्यम स्वरूपाचा फायदा दिसला. पण व्यायाम, औषधं किंवा इतर मानसोपचार यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे, याला पुरावा मिळाला नाही. 2022 मध्ये चिंताविकाराच्या रुग्णांमध्ये हाच आठ आठवड्यांचा कार्यक्रम आणि एस्सिटालोप्रॅम हे नेहमीचं औषध यांची थेट तुलना झाली, तेव्हा कार्यक्रम औषधापेक्षा कमी पडला नाही. मला हे दोन्ही निष्कर्ष मोलाचे वाटतात. ज्याला गोळी नको आहे किंवा सोसत नाही त्याच्यासाठी एक खरा पर्याय आहे. आणि ज्याला बसून पाहणं जमतच नाही, त्याने वाशीच्या सागर विहारला रोज तासभर झपाट्याने चालावं, त्यात कमीपणा काही नाही. मात्र चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये. दिवाणजींनी मार्चमध्ये विचारलं होतं, "आता बीपीची गोळी सोडू का?" तो निर्णय माझा नव्हे आणि त्यांचाही नव्हे, एवढंच उत्तर दिलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं. गोळी चालू राहिली.

निर्यातबंदी मार्चअखेर उठेल, अशी बाजारात सगळ्यांची अपेक्षा होती. 22 मार्चला सरकारने ती पुढच्या आदेशापर्यंत वाढवली. उन्हाळी कांदा काढणीला आलेला. फोन पुन्हा वाढले, ठरलेला तास पाळला जाईना, आणि दिवाणजींची दुपारची वीस मिनिटं गेली ती गेलीच. एप्रिलच्या मध्यावर ते आले तेव्हा गुण 26. खाली मान घालून बसले होते, परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखे. मी नोंदवही मागितली. सराव सुटला होता, पण नोंद सुटली नव्हती. रकाने तसेच, रोज भरलेले. तिच्यात एका ठिकाणी शेतकऱ्याचं गाव लिहून पुढे होतं: 'छाती, जोरात. पाय. सांगितलं की भाव मी ठरवत नाही, मालकांचा नंबर दिला.' मालकांनी परवानगी दिलेली नव्हती. हे त्यांनी आपल्या जबाबदारीवर केलं होतं.

मालक चिडले होते का, विचारलं. "चिडले. दोन दिवस बोलले नाहीत. पण काढून टाकलं नाही, आणि त्या शेतकऱ्याशी बोलले." मग जरा थांबून, "मॅडम, त्या रात्री मी झोपलो."

4 मेला निर्यातबंदी उठली, पण किमान निर्यात मूल्य टनाला 550 डॉलर आणि वर 40 टक्के शुल्क राहिलं. बाजार एकदम सुधारला नाही आणि दिवाणजीही नाहीत. आता आम्ही महिन्यातून एकदा भेटतो. सराव वीस मिनिटांवरून दहावर आला आहे, तो त्यांनी गाळ्यावर पोचण्याआधी, घरातून निघाल्यावर चालतच करायचं ठरवलं, कारण दुपार त्यांच्या हातात राहत नाही हे त्यांना आता पक्कं माहीत आहे. तंबाखूची डबी पुन्हा दोन दिवस पुरते, सुटलेली नाही. शेवटच्या भेटीत गुण 21 होते. त्यांच्या गाळ्यावरचा मापाडी, वयाने बराच लहान, रात्री झोपत नाही आणि चिडचिड करतो, त्याला आणू का, असं त्यांनी विचारलं. आधी डॉक्टरांकडे न्या, थायरॉइड आणि साखर तपासू दे, मग या, असं सांगितलं आहे. येताना कांदा मीच आणायला लावते, हे दिवाणजींनी त्याला आधीच सांगून ठेवलं आहे.